अंबाडीचा खांब

स्वामी सरांचा प्रत्येक सदरा उजव्या खांद्यावर आधी विरायचा. कॉलर धड, बाह्या धड, गुंड्या जागच्या जागी आणि उजव्या खांद्यावर तेवढी तळहाताएवढी जागा जाळीसारखी झालेली. मग तिथं आतून त्याच रंगाचं ठिगळ लागायचं. ते विरलं की त्यावर दुसरं. सर गेल्यावर काही दिवसांनी गंगाक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कपाट आवरायला मला बोलावून घेतलं. कपडे कुणाला तरी देऊन टाकायचे होते. आम्ही दोघी एकेक सदरा उलगडत गेलो आणि घडी घालून बाजूला ठेवत गेलो. द्यावा असा एकही निघाला नाही.

"कुणाला देणार हे?" गंगाक्का म्हणाल्या. "घालणाऱ्याला लोक विचारतील, बाबा, तू कशाला धडकून आलास?"

बोलून त्या हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सदरे परत कपाटात गेले.

ते सदरे कशाला धडकून असे झाले होते, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गावाबाहेरच्यांसाठी मी हे लिहिते आहे.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीपासून जवळ. गावच्या शाळेत मी ग्रंथपाल होते आणि स्वामी सर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. मूळचे ते उमरग्याच्या पलीकडचे. तिथं माणसं चुलीपाशी कानडी बोलतात आणि बाजारात मराठी. उंच, काटक, रंगानं सावळे. सकाळी कपाळावर भस्माचे तीन पट्टे असत. दुपारपर्यंत घामानं त्यांचा एकच पट्टा होई. गळ्यात इष्टलिंग. पळताना ते उडू नये म्हणून सदऱ्याच्या आत घालून वरून हात ठेवत. नव्या माणसाला वाटे, सरांच्या छातीत दुखतंय.

गळ्यात शिट्टीही असायची, पण ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही. "शिट्टी पंचाची. मास्तरानं टाळी वाजवावी," असं त्यांचं म्हणणं. टाळी मात्र अशी की ग्रंथालयात झोपलेलं मांजर उठून बसायचं. मुलींना ते ‘अव्वा’ म्हणत. कानडीत आईला म्हणतात ते. "पळ अव्वा, पळ की! कुणासाठी थांबलीस?" खेळ मनासारखा झाला की "साकु" म्हणत. साकु म्हणजे पुरे. शाबास, छान, वा, यांतलं काहीच नाही. मुली त्या एका ‘साकु’साठी जीव टाकायच्या. आणि मन भरलं नसेल तर त्यांचा दुसरा शब्द होता, ‘इन्नू’. अजून. "इन्नू! इन्नू!" करत ते मैदानाच्या कडेनं मुलींबरोबर पळायचे.

आमच्याकडं खो-खो हा खेळ कमी आणि वेड जास्त आहे. तिन्हीसांजेला कुठल्याही गावाच्या मैदानावर जा, दोन खांब रोवलेले असतात आणि मधल्या पाटीवर मुलं-मुली एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेली असतात. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की पकडणारीला पळणारी खांबाजवळ सापडते, कारण तिथं दोघींनाही वळावं लागतं. तिथं पकडणारी एका हातानं खांब धरते आणि उरलेलं सगळं अंग पुढं झोकून देते. याला सूर मारणं म्हणतात. जमला तर बघत राहावं असा. चुकला तर हात सुटत नाही आणि अंग थांबत नाही, आणि खांदा सरळ लाकडावर जातो.

सविताचा तसा गेला.

ती तेव्हा नववीत होती. सरांच्या आजवरच्या सगळ्या मुलींत उजवी. निवडचाचणी तोंडावर आली होती आणि त्या दिवशी सर तिच्याकडून खांबावरचा सूर पुन्हा पुन्हा करून घेत होते. ग्रंथालयाची खिडकी मैदानाकडं उघडते. मी वाचत बसले होते. "इन्नू, सविता! इन्नू!" हे कानावर पडत होतं आणि सवयीनं पडत नव्हतं. मग एक आवाज आला. ठक, असा. कोरडा. त्या आवाजानं मी पुस्तकातून मान वर केली. मैदानावर सगळ्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि सर एकटे पळत होते.

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. ते बसलं, पण तिथं कायमचा उंचवटा राहिला. सविताचे वडील शाळेत आले. भला माणूस. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "सर, तुमचा काय दोष न्हाय. पण पोरीची जात हाय. आता बास," एवढंच बोलले. सविता पुन्हा मैदानावर आली नाही. सर रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसत. तीही कधी काही बोलली नाही. उलट, "सर, चहा घ्या की," म्हणायची. परत येताना त्यांची पावलं मी पाहिली आहेत. कुणीतरी चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून ‘इन्नू’ गेलं. मुलींना वाटायचं, सर आता मवाळ झालेत.

एकदा मधल्या सुट्टीत ते ग्रंथालयात आले. तोवर ते वर्तमानपत्रापलीकडं फारसे कधी गेले नव्हते. "बाई, खांबावर एखादं पुस्तक हाय का?"

मी त्यांना देवळांच्या बांधणीवरचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दोन्ही हातांनी परत आणून ठेवलं. "लई चांगलं हाय. पण ह्यातल्या खांबावर कुणी सूर मारत न्हाय."

मग त्यांनी नीट सांगितलं. त्यांना असा खांब हवा होता, ज्यावर पोरीचं हाड मोडणार नाही. आधी त्यांनी खांबाला गोधडी गुंडाळून पाहिली होती, मग सायकलची ट्यूब. गोधडीवर हात बसेना आणि ट्यूबवरून सुटेना. पुढची वाट त्यांना मुलांच्या कॉर्कच्या चेंडूनं दाखवली. त्या चेंडूनं शाळेची काच फुटली होती. सरांनी चेंडू जप्त केला आणि विज्ञानाच्या सरांकडून करवत घेऊन मधोमध कापला. "बघा बाई. बाहेरनं दगड, आतनं बूच." आत खरंच बाटलीच्या बुचाचा असतो तसा भुगा होता, दाबून घट्ट केलेला. अर्धा चेंडू कितीतरी दिवस त्यांच्या खिशात होता. स्टाफरूममध्ये बोलता बोलता तो काढून अंगठ्यानं दाबत बसायचे.

मग बूच गोळा करायचा नाद लागला. आमच्या शाळेच्या फाटकाशी बुचाचं झाड आहे, पांढऱ्या फुलांचं. सरांनी पहिल्यांदा त्याचीच साल काढली. ती हातात घेताच भुसभुशीत झाली, आणि मुख्याध्यापकांनी झाडाची उघडी पाठ पाहून जे सुनावलं ते आम्ही दाराआडून ऐकलं. मग सर धाराशिवला जाऊन बॅडमिंटन खेळणाऱ्यांकडून मोडकी फुलं, म्हणजे शटलकॉक, पिशवी भरून आणू लागले, त्यांच्या टोकाच्या बुचाच्या टोप्यांसाठी. तेही पुरेना. शेवटी सोलापुरात इंजिनच्या पॅकिंगसाठी बुचाचे तक्ते मिळतात असा शोध लागला. तिथल्या दुकानदाराचा आणि त्यांचा संवाद ते स्वतःच रंगवून सांगत.

"गाडी कुठली?"

"खो-खोची."

"कोणती कंपनी म्हनलात?"

बुचावर कडक साल हवी होती. बाजारात पाण्याच्या टाक्यांना असते तशी काचेच्या धाग्याची साल त्यांनी आधी करून पाहिली. ती चांगली कडक झाली, पण तिची कुसळं त्यांच्या तळहातात शिरली. आठवडाभर ते भाकरी डाव्या हातानं मोडत होते. "हे पोरींच्या हातात द्यायचं न्हाय," म्हणून त्यांनी ते सोडलं आणि अंबाडीकडं वळले. अंबाडी आमच्याकडं शेताच्या कडेनं उगवते. पाल्याची भाजी होते, आणि धाटं पाण्यात कुजत घालून सोलली की निघतो तो वाख. बैलाचं चऱ्हाट त्याचंच. "बैलाला धरतो तो पोरीला न्हाय धरणार व्हय?"

धाटं कुजत घालायला त्यांना शाळेमागचा एक पडीक हौद सापडला. अंबाडी कुजायला लागली की कसा वास सुटतो, हे खेड्यात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. तो वास दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी नेमका भरात आला. पाहुण्यांनी भाषणभर रुमाल नाकातोंडावरून हलवला नाही. मुलींना वाटलं, आपल्यापेक्षा ह्यांनाच जास्त वाईट वाटतंय, आणि त्या आणखी रडल्या. सर शेवटच्या रांगेत चेहरा सरळ ठेवून बसले होते. समारंभ संपल्यावर मुख्याध्यापक एकच वाक्य बोलले. "स्वामी सर, उद्या सूर्य उगवायच्या आत." त्या हौदातला वाख मग सरांच्या घराच्या पत्र्यावर वाळत पडला. त्यावरून गंगाक्कांचं आणि शेजारणीचं वर्षभर बोलणं नव्हतं.

तेव्हापासून सरांच्या खिशात नेहमी वाखाची बट असायची. बोलताना, ऐकताना, मुलींचा सराव पाहताना त्यांचा अंगठा आणि बोटं ती वळत राहायची. वळायची, उलगडायची, पुन्हा वळायची. "झोपेतबी हात चालूच," गंगाक्का सांगायच्या. "मी एकदा माझी वेणी हातात दिली. म्हनलं, घ्या, वळा."

आणि गंमत म्हणजे वेणीनंच त्यांचं एक मोठं कोडं सोडवलं. वाख उभा लावला की खांबाला चिरा पडत. आडवा गुंडाळला की साल सुटून येई. गंगाक्का वेणी घालत असताना हे शेजारी बसून बघत होते. एकाएकी म्हणाले, "थांब. सोड. परत घाल." असं त्यांनी तीनदा करायला लावलं. तिरक्या पेडांची ती वीण त्यांनी खांबावर घातली, वरून राळ चढवली आणि ती साल टिकली.

राळ म्हणजे ते दोन डब्यांतलं रसायन, एकात दुसरं मिसळलं की घट्ट होणारं. मिसळायचं प्रमाण विज्ञानाच्या सरांनी बजावून सांगितलं होतं. पण स्वामी सरांना वाटलं, दुसरं जरा जास्त घातलं तर काम लवकर होईल. गंगाक्कांच्या दुधाच्या पातेल्यात हे मिश्रण केलं होतं. बघता बघता पातेलं तापलं, धूर निघाला आणि सगळं पातेल्यासकट दगड झालं. मी योगायोगानं तेव्हा तिथं पोचले.

"या बाई," गंगाक्का म्हणाल्या. "दूध घेणार? फोडून देते."

सर अपराधी चेहऱ्यानं पातेलं उलटं करून ठोकत होते. ठोकता ठोकता त्यांनी कान लावला. "आवाज चांगला हाय, गंगू," म्हणाले.

आवाजावरून पारख करण्याची त्यांची सवय तेव्हाचीच. खांब तयार झाला की ते सदऱ्यातलं लिंग हातानं धरत, डोळे मिटत आणि उजवा खांदा खांबावर घालत. एकदा नाही, कितीदातरी. आवाज ऐकायचा, खांदा चोळायचा, पुन्हा. सालीवर राहिलेल्या वाखाच्या खरखरीत टोकांनी सदरा विरायचा. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. गल्लीतला एकजण रोज विचारायचा, "काय सर, आज खांब जिंकला का तुम्ही?"

पहिला खांब मैदानावर रोवला तेव्हा मुलींनी त्याला मिठ्या मारल्या. खरोखरच मऊ होता तो. बुचाचा थर जाड ठेवला होता. मुली बेधडक सूर मारू लागल्या. आपटल्या तरी हसत उठायच्या. सर वर्षभर आनंदात होते. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सविताच्या घरीही पुडा नेऊन दिला. तिनं घेतला, विचारलं काही नाही.

मग आमच्या जिल्ह्यातल्या वाशीला स्पर्धा आली. गाठ ईट गावच्या मुलींशी होती. मी बरोबर गेले होते, मुलींसोबत बाईमाणूस हवं म्हणून. स्पर्धेतला खांब अर्थातच लाकडाचा. आमच्या मुलींनी त्यावर तसाच सूर मारला, जसा वर्षभर आमच्या खांबावर मारत आल्या होत्या. सगळं अंग झोकून, काही राखून न ठेवता. पहिलीची हनुवटी फुटली. दुसरीचा खांदा असा सुजला की हात वर होईना. तिसरी खांबाजवळ गेली आणि तिथंच उभी राहिली, हात पुढं करेना. हाड कुणाचं मोडलं नाही, हे नशीब. सामना गेला.

परतीच्या एसटीत सर पुढच्या बाकावर एकटे बसले होते. हनुवटीला पट्टी लावलेली मुलगी उठून त्यांच्याजवळ गेली आणि धीर द्यावा तसं म्हणाली, "सर, आपला खांब असता ना, तर लागलंच नसतं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खिशातला हात मात्र थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तर मैदानावर खांबाच्या जागी खड्डा होता. सरांनी तो खांब एकट्यानं उपसून काढला होता. ग्रंथालयात येऊन बसले. मग म्हणाले, "बाई, मी पोरींची भीती काढून घेतली. भीती तर पाहिजे होती. खांब लागतो हे कळलं पाहिजे. फक्त हाड मोडलं न्हाय पाहिजे." आणि जरा थांबून, "आता पोरीचा खांदा माझ्या खांबाला लावायचा न्हाय. माझं मला कळेपर्यंत न्हाय."

यानंतरची वर्षं त्यांनी एका वाक्याच्या मागं घालवली. ते वाक्य त्यांचंच. "हाताला कळू नये, हाडाला कळावं." हातानं धरताना तो खांब लाकडासारखाच वाटला पाहिजे, तितकाच टणक, तितकाच गुळगुळीत. चुकून धडकलं तर झणझणलं पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. पण हाड मोडेल इतका जोर आला, तरच आतलं बूच जरासं दबावं. स्पर्धेत लाकूडच राहणार हे त्यांनी मान्य केलं होतं. आपला खांब मुलीला त्या लाकडासाठी तयार करणारा हवा, एवढंच.

सेवेतून निवृत्त झाल्यावर अंगण हाच त्यांचा कारखाना झाला. बुचाचा थर कधी पातळ, कधी भुगा बारीक, कधी वीण दुहेरी. फसलेले खांब ते शेजाऱ्यांना देऊन टाकत. गल्लीतल्या निम्म्या म्हशी सरांच्या खांबांना बांधलेल्या असायच्या. "एकबी म्हैस सुटली न्हाय बघा," हे ते अभिमानानं सांगत. गंगाक्का म्हणत, "म्हशीनं सूर मारला न्हाय म्हणून."

सविताचं लग्न गावातच झालं. बसथांब्याजवळ तिचं शिवणकामाचं दुकान आहे. सरांच्या सदऱ्यांना ठिगळ लावायला गंगाक्का तिच्याकडंच द्यायच्या. ती सदरा हातात घ्यायची, विरलेल्या जागेवरून बोट फिरवायची आणि मशीनखाली सरकवायची. एवढ्या वर्षांत ह्या दोघांत खांबाबद्दल एक शब्द झाला असेल असं मला वाटत नाही. पण काम कुठवर आलंय हे तिला कपड्यावरून कळत असावं.

तिची लेक प्रणिता नववीत आली आणि शाळेच्या संघात गेली. पोरगी आईसारखीच, वाऱ्यासारखी पळणारी. पण खांबाजवळ आली की सूर मारायचा नाही, खो देऊन बाजूला व्हायचं, ही आईची अट. सर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि हे बघत.

शेवटच्या त्या खांबाची साल त्यांनी इतकी घासली होती की अंबाडी आहे हे सांगावं लागे. शाळेत लाकडी खांबाशेजारी त्यांनी तो उभा केला आणि मुलींच्या डोळ्यांना रुमाल बांधून दोन्ही धरायला लावले. कुठला लाकडाचा, एकीलाही ओळखता आलं नाही. मुली ओरडत होत्या, "सर, हा! न्हाय न्हाय, हा!" आम्हाला वाटलं, आता सर ‘साकु’ म्हणतील. ते म्हणाले, "हाताचं झालं. हाडाचं राहिलं."

हाडाचं तेवढं राहिलंच. त्याच सुमारास त्यांना श्वासाचा त्रास सुरू झाला. अंगणापासून दारापर्यंत आलं तरी धाप लागे. राळेजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. खांदे तर असे उतरले की सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा दिसे. तो खांब अंगणात भिंतीला टेकून उभा राहिला. वरून पूर्ण, पण त्याच्यावर कुणाचा खांदा पडलेला नाही. सरांच्या जागी शाळेत आलेले तरुण मास्तर म्हणाले, एखाद्या मुलाला सांगू. सरांनी मान हलवली. लेकरांचा खांदा नाही, म्हणजे नाही.

मी त्यांच्याकडं बसले होते, तेव्हा सविता आली. गंगाक्कांचं पोलकं द्यायला आली होती. ते दिलं आणि गेली नाही. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "सर, लई दिस झाले, सदरा आला न्हाय तुमचा."

"आता खांदाच राहिला न्हाय, अव्वा," सर म्हणाले. "ठिगळ कशाला लावणार?"

"मग खांबाचं कसं?"

सर खिशातला वाख वळत राहिले. सविता अंगणात गेली. खांबावर तळहात ठेवला, वरून खाली फिरवला. मग आत न येता तिथूनच बोलली.

"उद्या शाळेत न्या हा. मी येते."

"तू?" सर उठायला लागले आणि धाप लागून खाली बसले. "येडी का खुळी? तुझं आधीच..."

"माझंच मोडलं होतं ना? मग माझंच लावू की. तुम्ही लेकराचा खांदा नगं म्हनता. मी काय लेकरू हाय व्हय आता?"

गंगाक्का आतून म्हणाल्या, "सविता, नवऱ्याला विचारलंस का?"

"त्यांनी मला विचारून ट्रॅक्टर घेतला होता का?" सविता म्हणाली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर मी सरांना शेवटचं नीट पाहिलं. पुढं मी दवाखान्यात दोनदा गेले, पण तिथं दिसला तो माणूस मला आठवायचा नाही.

खांब दुपारीच रोवून झाला होता. सर कडेला खुर्चीवर, अंगावर शाल, शेजारी गंगाक्का. मुली पाटीवर बसल्या होत्या आणि कुणी खुसखुसत नव्हतं. सविता आली ती लेकीच्या ट्रॅकपँटवर नवऱ्याचा सदरा घालून. केस घट्ट बांधलेले. चपला काढल्या, मैदानाला हात लावून कपाळाला लावला. शेवटच्या चौकटीजवळून तिनं खांबाकडं पाहिलं. सरांकडं नाही पाहिलं.

सरांनी डोळे मिटले.

ती पळाली. वय झालं होतं, पण पहिल्या चार पावलांतच ती जुनी सविता दिसली. खांबाला हात घातला आणि अंग झोकून दिलं, आणि तिनं मुद्दाम उशिरा झोकलं, जसं त्या दिवशी चुकून झालं होतं तसं. आवाज झाला. ठक नाही. ठकच्या आत काहीतरी दबल्यासारखा, जाड, छोटा.

सविता मातीत पालथी पडली होती. तशीच पडून राहिली. प्रणिता जागची उठली. गंगाक्कांनी माझा हात धरला होता, तो त्यांनी किती घट्ट धरलाय हे मला नंतर कळलं.

"लागलं?" सरांनी विचारलं. डोळे अजून मिटलेलेच.

"लागलं की!" मातीतून आवाज आला. "डोळ्यांपुढं काजवे चमकले. लागायला नको व्हय?"

"हाड?"

ती उठून बसली. उजवा हात हळूहळू वर नेला, कानाला लागेपर्यंत नेला, आणि तिथंच ठेवून बोटं हलवून दाखवली. सरांना दिसत नव्हतं. तेव्हा बोलून सांगितलं, "हाड जाग्यावर हाय, सर."

मुली सरांच्या तोंडाकडं बघत होत्या. सविता अंग झटकत खांबापासून बाजूला झाली, खांदा चोळत लेकीकडं वळली.

"बघतीस काय? ये. तुझी पाळी."

प्रणितानं एकदा आईकडं पाहिलं. मग ती पळाली. आईपेक्षा हलकी, आईपेक्षा वेगात. तिचा सूर नीट बसला. खांदा खांबाला घासून गेला, बोटं पुढं हवेत लांबवर पोचली आणि ती मातीवर सरकत थांबली. उठली आणि पहिल्यांदा सरांकडं पाहिलं, ‘साकु’ ऐकायला.

मी सरांच्या शेजारीच उभी होते. खिशातला त्यांचा हात थांबला होता. कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही. त्यांनी डोळे उघडले, शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि टाळी वाजवली. टाळी कसली, तळव्यावर तळवा ठेवला इतकंच. पण सगळ्या मैदानाला ती ऐकू गेली असावी, कारण मुली सरसावून बसल्या.

"इन्नू," सर म्हणाले. "इन्नू, अव्वा."